जिममधलं ‘ताकदीचं’ इंजेक्शन आणि चोविसाव्या वर्षी मेंदूत रक्तस्राव

एका ताईंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. त्यांचा धाकटा भाऊ २४ वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करणारा. पहाटे ग्राउंड, संध्याकाळी जिम. दारू नाही, तंबाखू नाही. एका संध्याकाळी जिममध्येच डोकं जोरात दुखायला लागलं, उलटी झाली आणि डावा हात-पाय लुळा पडला. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला, खोलवर रक्तस्राव दिसला. दवाखान्यात आणलं तेव्हा बीपी २१०/१२० होतं, आता गोळ्यांवर १३०/८० च्या आसपास आहे. तो शुद्धीवर आहे, बोलतो. चौथ्या दिवशी त्याच्या मित्राने ताईंना बाजूला घेऊन सांगितलं की तो सात-आठ महिने जिममध्ये एक इंजेक्शन घेत होता. मित्राने बाटलीचा फोटो दाखवला, त्यावर मेफेन्टरमाइन लिहिलेलं होतं.

ताई विचारतात: हे तर औषध आहे, अंमली पदार्थ नाही, मग यानं लकवा कसा होईल? एवढ्या लहान वयात मेंदूची शीर फुटते का? पुन्हा होईल का? आणि डॉक्टरांना हे सांगितलं तर पोलीस केस होऊन त्याची भरती कायमची जाईल का?

ताई, मी गेली बावीस वर्षं मेंदूविकारांची प्रॅक्टिस करतो, त्यातली बरीचशी पश्चिम महाराष्ट्रात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात आधी देतो, कारण बाकीचं वाचायला उशीर झाला तरी चालेल. डॉक्टरांना आजच सांगा. बाटलीचा फोटो दाखवा, किती महिने, शिरेतून की दंडात, शेवटचं कधी घेतलं, सुई कोणाकोणाची होती, हे मित्राकडून नीट विचारून घ्या आणि सांगा. का, ते पुढे येईलच.

आता इंजेक्शनाबद्दल. मेफेन्टरमाइन हे खरोखरच औषध आहे आणि चांगलं औषध आहे. सिझेरियनसाठी पाठीत भूल दिली की बाईचं बीपी एकदम खाली येतं. तेव्हा भूलतज्ज्ञ ते पातळ करून शिरेतून देतात, एका वेळी साधारण ३ ते ६ मिलिग्रॅम, आणि डोळे मॉनिटरवर ठेवतात. मिनिटभरात बीपी वर येतं. म्हणजे या औषधाचं काम एकच आहे: पडलेलं बीपी वर उचलणं. आता तुमच्या भावाच्या हातातली बाटली पाहा. १० मिलीची बाटली, दर मिलीत ३० मिलिग्रॅम, म्हणजे एका बाटलीत ३०० मिलिग्रॅम. जिममधली पोरं सिरिंजने एक मिली ओढतात, काही दोन ओढतात. एक मिली म्हटलं तरी ऑपरेशन थिएटरमधल्या डोसच्या पाच ते दहा पट झाला. आणि तो कुणाला देतात? ज्याचं बीपी अजिबात पडलेलं नाही अशा धडधाकट पोराला, तेही वजन उचलायच्या दहा मिनिटं आधी.

रसायन म्हणून पाहिलं तर हे अँफेटामिन या उत्तेजक नशेच्या पदार्थाच्या कुळातलं आहे. शरीरात गेल्यावर त्यातला काही भाग फेन्टरमिन बनतो, जे भूक मारायच्या गोळ्यांत वापरलं जातं. म्हणूनच ते घेतल्यावर थकवा जाणवत नाही, भूक लागत नाही, ‘पंप’ चांगला येतो (स्नायू टरारून फुगतात), अंगात हत्तीचं बळ आल्यासारखं वाटतं. स्नायूंत ताकद तेवढीच असते, फक्त थकल्याची जाणीव दाबली जाते. खेळाडूंसाठीच्या जागतिक उत्तेजक-बंदी यादीत मेफेन्टरमाइनचं नाव आहे. जिममध्ये मात्र ते प्रोटीन पावडरच्या डब्याशेजारी ठेवलेलं मी ऐकलं आहे.

‘औषध आहे, मग अपाय कसा’ या प्रश्नाला एक जुनं उदाहरण आहे. फेनिलप्रोपॅनोलामाइन नावाचं याच कुळातलं एक भावंड साध्या सर्दीच्या गोळ्यांत असायचं. अमेरिकेत ते भूक कमी करायच्या गोळ्यांतही विकलं जायचं, चिठ्ठीशिवाय. येल विद्यापीठाच्या पुढाकाराने १८ ते ४९ वयाच्या, मेंदूत रक्तस्राव झालेल्या ७०२ जणांचा अभ्यास झाला आणि तो २००० साली प्रसिद्ध झाला. भूक कमी करायला हे औषध घेणाऱ्या स्त्रियांमध्ये रक्तस्रावाचा धोका सोळा पटींहून जास्त निघाला. आणखी एक गोष्ट त्यात दिसली, ती मला तुमच्या भावाच्या मित्रांसाठी जास्त महत्त्वाची वाटते. पहिल्यांदाच गोळी घेतलेल्या स्त्रियांतही धोका वाढलेला होता. त्याच वर्षी अमेरिकेत ते बाजारातून काढायला सांगितलं गेलं, आपल्याकडे २०११ साली बंदीची अधिसूचना निघाली. हे झालं एका सौम्य समजल्या जाणाऱ्या, तोंडाने घेतलेल्या गोळीचं. शिरेतून घेतलेल्या इंजेक्शनाचं काय होत असेल ते सांगायला नको.

मोठे अभ्यास झाले आहेत ते कोकेन आणि अँफेटामिनवर. टेक्सास राज्यातल्या रुग्णालयांत २००० ते २००३ मध्ये दाखल झालेल्या १८ ते ४४ वयाच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अँफेटामिनचं व्यसन असणाऱ्यांत मेंदूतल्या रक्तस्रावाचं प्रमाण जवळपास पाचपट दिसलं. कोकेनच्या बाबतीत रक्तस्राव आणि गुठळीने होणारा लकवा, दोन्ही दुपटीच्या आसपास वाढलेले होते. मुंबई-पुण्यात एमडी म्हणून विकलं जाणारं मेफेड्रोनही नात्याने यांच्या जवळचंच. नावं वेगळी, विकणारे वेगळे, कायद्याची कलमं वेगळी. रक्तवाहिनीला मात्र यातलं काही कळत नाही. तिच्यापर्यंत पोचतो तो फक्त नॉरअ‍ॅड्रिनलिनचा, म्हणजे धमन्या आवळून बीपी चढवणाऱ्या शरीरातल्याच रसायनाचा, लोंढा.

तो लोंढा काय करतो ते तुमच्या भागातलंच उदाहरण देऊन सांगतो. द्राक्षबागेत ड्रिप पाहिली असेल. जाड सबमेन नळी असते आणि तिला भोक पाडून, ग्रोमेट म्हणजे रबरी बूच बसवून, काटकोनात बारीक लॅटरल नळी काढलेली असते. मोटर चालू करताना व्हॉल्व्ह हळूहळू उघडतात. कुणी एकदम पूर्ण उघडला तर सबमेनला काही होत नाही, उडतं ते ग्रोमेट, जिथून बारीक नळी निघते तिथून. मेंदूच्या खोल भागात अगदी अशीच रचना आहे. मेंदूच्या मधल्या मोठ्या धमनीतून केसासारख्या बारीक शाखा काटकोनात थेट आत जातात. त्यांच्या आणि मोठ्या धमनीच्या मध्ये दाब हळूहळू कमी करणारे टप्पे नसतात. दाबाचा धक्का थेट त्यांना बसतो. तुमच्या भावाचा रक्तस्राव ‘उजव्या बाजूला, खोलवर’ आहे असं तुम्ही लिहिलंय, तो बहुधा याच शाखांच्या भागातला. उजव्या मेंदूच्या त्या भागातून डाव्या अंगाकडे जाणाऱ्या तारा जातात, म्हणून डावा हात-पाय गेला.

मेंदूकडे दाब सांभाळायची स्वतःची सोय असते. सरासरी दाब साधारण ६० ते १५० च्या दरम्यान असेपर्यंत मेंदूतल्या धमन्या आकुंचन-प्रसरण पावून आतला प्रवाह सारखा ठेवतात. सरासरी दाब म्हणजे खालचा आकडा अधिक दोन्हींतल्या फरकाचा एक तृतीयांश. २१०/१२० चा हिशेब केला तर बरोबर १५० येतो. म्हणजे दवाखान्यात मोजलं तेव्हाच तो या सोयीच्या वरच्या कडेवर होता.

त्यात वजन उचलणं आलं. १९८५ साली बॉडीबिल्डर्सच्या धमनीत थेट नळी घालून बीपी मोजलं होतं. दोन्ही पायांनी जड लेग प्रेस करताना सरासरी आकडा ३२०/२५० आला. वाचून धक्का बसतो, पण निरोगी माणसाला यानं सहसा काही होत नाही, कारण तो दाब काही क्षणांचा असतो. शिवाय श्वास रोखून जोर लावला की छातीतला दाब कवटीतल्या पाण्यापर्यंत पोचतो आणि धमनीला बाहेरून आधार मिळतो. वजन खाली ठेवलं की दोन्ही दाब बरोबरच उतरतात. इंजेक्शन घेतलेल्या पोराचं तसं होत नाही. वजन खाली ठेवलं, श्वास सोडला, बाहेरचा आधार गेला, तरी आतला दाब वरच राहतो. मी पाहिलेल्या पोरांपैकी दोघांनी मला हेच सांगितलं होतं: सेट चालू असताना काही झालं नाही, बार रॅकवर ठेवला आणि डोक्यात काहीतरी फुटल्यासारखं झालं.

असाच आणखी एक मुलगा मला अजून आठवतो. पहाटे सहाला आला. पायात धावायचे बूट, त्यांना ग्राउंडची ओली लाल माती, छातीवर तसाच पिन केलेला सरावाचा नंबर. सोबतचे मित्र म्हणत होते, सर, उपाशीपोटी पळाला म्हणून चक्कर आली. मी हाताची बाही वर केली तर डाव्या कोपराच्या आतल्या शिरेवर ओळीने बारीक काळे ठिपके. रक्तदान करून एवढे ठिपके होत नाहीत. आई-वडिलांना बाहेर चहाला पाठवलं, दार लावलं आणि एका मित्राला विचारलं. पहिल्यांदा तो म्हणाला, सलाईन लावलं होतं. मी म्हटलं, मला ह्याला वाचवायचंय, तुझं नाव कुणाला सांगायचं नाहीये. मग त्याने ट्रॅकपँटच्या खिशातून अर्धी भरलेली बाटली काढून टेबलावर ठेवली. रबरी बुचावर सुईची इतकी भोकं होती की त्याची चाळण झाली होती. एका बाटलीत पाच जण, सिरिंज दोन. तो मुलगा जगला, चालतो, उजव्या हाताने अजून शर्टाचं बटण लावता येत नाही.

ती चाळण झालेली बाटली मी तुम्हाला मुद्दाम सांगितली. डॉक्टरांना सगळं सांगा म्हणालो त्याचं एक मोठं कारण त्यात आहे. सामाईक बाटलीतून आणि सुईतून हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही पसरतात हे बहुतेकांना माहीत असतं. कमी लोकांना माहीत असतं ते असं की त्याच वाटेने जंतू रक्तात जाऊन हृदयाच्या झडपेवर बसतात. झडपेवरचे तुकडे सुटून मेंदूत गेले तर तिथली धमनी बंद पडते, किंवा तिची भिंत जंतूंनी खाल्ली जाऊन फुगा येतो आणि तो फुटतो. असा रक्तस्राव सीटीवर साध्या रक्तस्रावासारखाच दिसू शकतो, उपचार मात्र पूर्ण वेगळे असतात, कित्येक आठवडे शिरेतून अँटिबायोटिक लागतं. भावाला मधल्या काळात बारीक ताप येत होता का, वजन उतरलं होतं का, हे आठवा. डॉक्टरांना सुईबद्दल माहीत असेल तर ते हृदयाची इको (सोनोग्राफी) आणि रक्ताचं कल्चर (रक्तातले जंतू शोधायची तपासणी) या नजरेने करतील. माहीत नसेल तर २४ वर्षांच्या पहिलवान गड्यात हा विचार उशिरा सुचतो.

दुसरं कारण औषधांचं. बीपी उतरवायच्या गोळ्या अनेक प्रकारच्या असतात. उत्तेजक औषध रक्तात असताना त्यातल्या काही, विशेषतः फक्त हृदयाची गती आवरणाऱ्या, पहिल्या काही तासांत जपून वापराव्या लागतात, कारण त्या हृदयाला आवरतात आणि आवळलेल्या धमन्या तशाच राहतात. तुमच्या भावाच्या बाबतीत ती वेळ उलटून गेली आहे. पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरी ही वेळ उद्या आली, तर कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना पहिल्या मिनिटालाच सांगा. लघवीच्या तपासणीवर विसंबू नका. झटपट पट्टी-चाचणी ठरावीक पदार्थ शोधते. एमडीसारखे नवे पदार्थ तिच्यात बरेचदा सापडतच नाहीत, आणि काही साधी औषधं उगाच ‘पॉझिटिव्ह’ दाखवतात. मित्राने सांगितलेलं खरं वाक्य त्या पट्टीपेक्षा जास्त उपयोगी असतं.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. इंजेक्शन सापडलं म्हणून सगळा दोष त्याच्यावर टाकून तपास थांबवू नये. दवाखान्यात आलं तेव्हा २१०/१२० होतं, हाही एकट्याने पुरावा नाही, कारण मेंदूत रक्त सांडलं की त्या धक्क्याने बीपी आपोआप चढतं. त्यामुळे माझ्यापुढे असा रुग्ण आला की डोक्यात तीन शक्यता असतात. नुसत्या इंजेक्शनाने झालं, किंवा त्याला आधीपासून बीपी होतं आणि कुणी कधी मोजलंच नव्हतं, किंवा मेंदूत जन्मापासून एखादी कमकुवत जागा होती, धमनीचा फुगा किंवा शिरांचं गुंतागुंतीचं जाळं, आणि इंजेक्शनाच्या दाबाने ती फुटली.

तिसरी शक्यता दुर्मीळ समजून सोडून देऊ नका. लंडनमधल्या डॉक्टरांनी २००० साली अशा १३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली होती, ज्यांना अँफेटामिन, कोकेन किंवा एक्स्टसी घेतल्यावर मेंदूत रक्तस्राव झाला. त्यातल्या १० जणांची अँजिओग्राफी झाली आणि ९ जणांत फुगा किंवा शिरांचं जाळं सापडलं. निवडक रुग्णांची छोटी मालिका आहे ती, हे प्रमाण सगळ्यांना लागू होणार नाही. आमच्याकडे येणाऱ्या खोल भागातल्या रक्तस्रावांत बहुतेकदा अँजिओग्राफी स्वच्छ निघते. तरीसुद्धा या वयात मेंदूच्या धमन्यांचा सीटी अँजिओ केल्याशिवाय मी रुग्णाला घरी सोडत नाही. पहिला स्वच्छ आला तरी दोन-तीन महिन्यांनी, रक्त शोषलं गेल्यावर, एमआरआय पुन्हा करतो, कारण सांडलेलं रक्त आजूबाजूच्या बारीक जाळ्याला दाबून लपवून ठेवतं. शंका उरली तर जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून केलेली अँजिओग्राफी लागते. तुमच्या डॉक्टरांना विचारा की यातलं काय झालं आहे आणि काय बाकी आहे.

दुसरी शक्यता, म्हणजे जुनं लपलेलं बीपी, ओळखायला फार खर्च लागत नाही. वर्षानुवर्षं जास्त दाबाविरुद्ध काम केलेलं हृदय जाड होतं, ते इकोवर दिसतं. डोळ्याच्या पडद्यावरच्या शिरा बदलतात, त्या डोळ्यांचे डॉक्टर पाहू शकतात. रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं किडनीची बाजू सांगतात. दोन्ही हातांचं आणि पायाचं बीपी मोजून महाधमनी कुठे अरुंद आहे का ते कळतं, यंत्र प्रत्येक वॉर्डात असतं. हे सगळं चांगलं निघालं तर इंजेक्शनाकडे बोट जातं. आणखी एक विचारा: तो स्टिरॉइडही घेत होता का? जिममध्ये ही दोन्ही बऱ्याचदा एकाच हातातून मिळतात. स्टिरॉइडमुळे रक्त दाट होतं, चरबीचं गणित बिघडतं, हृदयाचा स्नायू जाड होतो, आणि तो धोका रक्तस्रावाइतकाच गुठळीकडेही जातो.

गुठळीचा विषय निघाला म्हणून थोडं. उत्तेजक पदार्थांनी मेंदूची शीर फुटते तशी बंदही पडते. धमनी आवळली जाते, रक्तातल्या प्लेटलेट चिकट होतात, हृदयाची लय बिघडून आत गुठळी तयार होते. कोकेनबाबत अमेरिकेतल्या बाल्टिमोर-वॉशिंग्टन भागातल्या १५ ते ४९ वयाच्या रुग्णांच्या अभ्यासात, घेतल्यापासून २४ तासांच्या आत गुठळीने लकवा होण्याचा धोका सहा पटींच्या आसपास वाढलेला दिसला. अशा रुग्णाला साडेचार तासांच्या आत आणलं तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं, नशेचा पदार्थ घेतला होता एवढ्या कारणाने ते नाकारायचं नसतं. घरातले बदनामीच्या भीतीने अर्धा दिवस घालवतात, तो वेळ मेंदूला परत मिळत नाही.

एक तिसरा प्रकारही आहे आणि तो जिममध्ये नेहमी ‘गॅस झाला’, ‘पाणी कमी प्यायला’ म्हणून सोडून दिला जातो. मिनिटभरात शिगेला पोचणारी, विजेसारखी डोकेदुखी. ती थांबते आणि दोन-चार दिवसांनी पुन्हा येते. यात मेंदूच्या धमन्या मण्यांच्या माळेसारख्या जागोजागी आवळलेल्या दिसतात. उत्तेजक पदार्थ थांबवले की बहुतेकांच्या धमन्या तीन महिन्यांत मूळ आकारावर येतात. न थांबवता पुढचा डोस घेतला तर रक्तस्राव किंवा लकवा होऊ शकतो. तुमच्या भावाला आधीच्या आठवड्यांत अशी डोकेदुखी झाली होती का, हे मित्रालाच विचारा. घरी सांगितलेलं नसेल.

पुन्हा होईल का? इथे तुमच्या रिपोर्टवर बरंच अवलंबून आहे. धमनीत फुगा किंवा जाळं निघालं तर त्याचा बंदोबस्त करेपर्यंत धोका आहे, आणि बंदोबस्त करता येतो. झडपेला जंतुसंसर्ग निघाला तर तो आधी. यातलं काहीच नसेल, बीपी १३०/८० च्या आत राहिलं आणि इंजेक्शन कायमचं सुटलं, तर या वयात पुन्हा होण्याची शक्यता कमी असते. मी असे मुलगे दहा-दहा वर्षं नीट राहिलेले पाहिले आहेत. इंजेक्शन पुन्हा सुरू झालं तर वरचं एकही वाक्य लागू राहत नाही. आणि ‘सुटलं’ हे गृहीत धरू नका. या औषधाची चटक लागते. शरीरातला नॉरअ‍ॅड्रिनलिनचा साठा संपत जातो, तोच डोस पुरत नाही, मात्रा वाढत जाते. सोडल्यावर काही आठवडे मरगळ, झोप, उदासी येते. लकव्याची उदासी वेगळी असते, पण दोन्ही एकत्र आल्या तर पोरगं खचतं. मानसोपचारतज्ज्ञांना दवाखान्यातूनच एकदा दाखवून घ्या. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे.

पोलिसांचं. मेफेन्टरमाइन चिठ्ठीशिवाय विकणं हा गुन्हा आहे आणि अशा विक्रेत्यांवर आपल्या जिल्ह्यांत कारवाया होत असतात. कारवाईचा रोख विकणाऱ्यावर असतो. काही रुग्णालयं विषबाधा किंवा अति-मात्रेच्या केसची नोंद पोलिसांकडे देतात, ते त्या त्या ठिकाणच्या पद्धतीवर आणि परिस्थितीवर ठरतं, म्हणून डॉक्टरांशी एकट्याने, दार लावून बोला आणि हेही सरळ विचारा. रुग्णाने सांगितलेलं गुपित ठेवणं हे आमचं कर्तव्य असतं. एमडी किंवा कोकेनच्या बाबतीत कायदा कडक आहे, तरी अंमली पदार्थांच्या कायद्यातही, व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण देणारं ६४अ हे कलम आहे.

आणि भरती. ताई, याचं खोटं उत्तर मी देणार नाही. पुढची निदान सहा महिने ग्राउंड नाही, आणि १६०० मीटर धावण्याचा विचार त्यानंतर, बीपी, रिपोर्ट आणि डाव्या पायाची ताकद पाहून. रक्तस्रावातलं सांडलेलं रक्त काही आठवड्यांत शोषलं जातं, त्यामुळे दाबले गेलेले, पण मेलेले नसलेले तंतू पुन्हा काम करायला लागतात. पहिले तीन महिने सुधारणा सगळ्यात वेगाने होते, नंतर हळू, पण थांबत नाही. हातापेक्षा पाय आधी येतो. रोज फिजिओथेरपी, खांदा ओढला जाणार नाही याची काळजी, डाव्या बाजूने त्याच्याशी बोलायला बसणं (उजवा मेंदू दुखावला की डावीकडचं लक्ष कमी होतं), एवढं घरचे करू शकतात. तो भरतीचं विचारेल, बहुधा पहिल्याच आठवड्यात. तेव्हा ‘होईल रे सगळं’ म्हणू नका. फिजिओथेरपिस्टला सांगून आजचं मोजमाप लिहून ठेवा, मूठ किती आवळते, आधाराने किती पावलं पडतात, आणि पंधरा दिवसांनी तोच कागद त्याला दाखवा. ग्राउंडवरच्या पोराला आकड्यांची भाषा कळते.

राहिले ते मित्र, जे रोज संध्याकाळी त्याला बघायला वॉर्डाबाहेर उभे राहत असतील. त्यांच्यावर रागावू नका, ज्याने तुम्हाला बाजूला घेऊन सांगितलं त्याच्यावर तर अजिबात नाही. त्याच बाटलीतून घेतलेल्या प्रत्येकाने हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही तपासून घ्यावं. आत्ता निगेटिव्ह आलं तरी डॉक्टरांच्या सल्ल्याने तीन महिन्यांनी पुन्हा. सगळ्यांचं बीपी वॉर्डातल्या सिस्टरकडून आजच मोजून घ्या. आणि त्यांना एवढं पाठ करायला सांगा: एकदम आलेली भयंकर डोकेदुखी, चेहरा वाकडा, एक हात खाली पडणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही दिसलं तर पाणी पाजत, तळवे चोळत बसायचं नाही. १०८ ला फोन करायचा, सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यातच न्यायचं, आणि खिशातली बाटली सोबत न्यायची.